हिरवी पूड, चिकट थर, काळी चांदी : जुनी नाणी आणि पदके साफ करताना

जुन्या नाण्यांबद्दलची पत्रे या सदराकडे पावसाळ्यात जास्त येतात, आणि त्याला कारण आहे. नागपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की तांब्यावरचा रोग थंडावलेला असतो. मृगाचे पाणी पडले, हवा दमट झाली की डबीतल्या नाण्यांवर हिरवे ठिपके दिसू लागतात. मग चिंच, लिंबू, टूथपेस्ट, जे हाताशी असेल ते लावले जाते आणि दोनशे वर्षे टिकलेले नाणे एका दुपारी बिघडते.

खालच्या सगळ्या उत्तरांमागे विचार एकच आहे. नाण्यावरचा थर धातूला खातो आहे की राखतो आहे, हे आधी ठरवायचे. खाणारा थर काढायचा, राखणारा तसाच ठेवायचा. घासून चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत बाजारातही पडते. प्रतवारी करणाऱ्या संस्था अशा नाण्याला प्रतीचा आकडा न देता ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात, आणि तो शेरा मग कायमचा.

प्रश्न (महाल) : देवघरात तांब्याच्या शिवराया आहेत. त्यांतल्या तीन नाण्यांवर फिकट हिरवी पूड येते. ब्रशने झटकली की जाते, पण श्रावणात पुन्हा त्याच जागी येते. दरवर्षी पाडव्याला आणि दसऱ्याला चिंच-मिठाने घासतो. काय चुकते आहे?

उत्तर : मीठ चुकते आहे. चिंचेतले आम्ल वरचा थर विरघळवते आणि मिठातला क्लोराइड तांब्याच्या बारीक छिद्रांत शिरून बसतो. तिथे क्युप्रस क्लोराइड तयार होते. कोरड्या हवेत ते गप्प असते. सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या वर गेली की पाणी आणि प्राणवायू यांच्याशी त्याची क्रिया होते. त्यातून ती फिकट हिरवी पूड निघते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल खालचे ताजे तांबे खाते, त्यातून पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनते, आणि हे चालूच राहते. ब्रशने निघते ती फक्त पूड. क्लोराइड खालीच असतो. संग्राहक याला ब्राँझ डिसीज म्हणतात. शुद्ध तांब्यालाही तो होतो.

आधी ओळख पक्की करा. तांब्यावरचे सगळे हिरवे वाईट नसते. गुळगुळीत, घट्ट, गडद हिरवा किंवा तपकिरी थर शेकडो वर्षांत बसलेला असतो आणि तो नाण्याचे संरक्षण करतो. त्याला हात लावू नका. रोगाचे हिरवे वेगळे दिसते. दहापट मोठे दाखवणारे सोनाराचे भिंग घ्या आणि शिवराईवरच्या ‘श्री’च्या वळणात पाहा. पोपटी-पांढरट पूड सैल बसलेली असेल, बांबूच्या टूथपिकने टोकल्याबरोबर उडत असेल, आणि तिच्याखाली सुईच्या टोकाएवढा खड्डा व त्यात मेणासारखा करडा थर दिसत असेल, तर रोग चालू आहे. शंका राहिली तर नाणे झाकणाच्या बरणीत ओल्या टिपकागदाशेजारी, कागदाला न टेकवता, दोन दिवस ठेवा. नवे फिकट ठिपके उठले तर उत्तर मिळाले.

उपचार घरी करता येतो, पण तो आठवड्यांचा आहे, तासांचा नाही.

रोगी नाणी आधी वेगळी करा. हा जंतूंचा संसर्ग नव्हे, पण क्लोराइडची पूड शेजारच्या नाण्यावर पडते. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे काय बदलले ते कळेल. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोनमध्ये दहा मिनिटे ठेवून तेल-तूप काढा. देवघरातल्या नाण्यावर ते हमखास असते. मग कोरड्या नाण्यावरची सैल पूड भिंगाखाली बांबूच्या टूथपिकने किंवा बाभळीच्या काट्याने काढा. लोखंडी सुई, ब्लेड, पितळी ब्रश नको. तांबे त्यांच्यापुढे मऊ आहे आणि पडलेला ओरखडा परत भरत नाही.

आता आतला क्लोराइड बाहेर काढणारे द्रावण. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये अडीच ग्रॅम सोडा ॲश (धुण्याच्या सोड्याची कोरडी पूड) आणि दोन ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. साधारण एक टक्क्याचे सोडियम सेस्क्विकार्बोनेट तयार होते. सोडा ॲशऐवजी धुण्याच्या सोड्याचे पारदर्शक खडे असतील तर अडीच नव्हे, पावणेसात ग्रॅम घ्या, कारण खड्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असते. वजन सोनाराच्या छोट्या काट्यावर करा. चमच्याच्या अंदाजाने केलेले द्रावण जास्त तिखट होते आणि चांगला थरही खाते. काचेच्या बरणीत तळाशी नायलॉनची जाळी टाका आणि नाणी एकमेकांना न टेकता तिच्यावर ठेवा, म्हणजे खालच्या बाजूलाही द्रावण पोचते. पहिल्या आठवड्यात द्रावण दर दोन दिवसांनी बदला, नंतर दर आठवड्याला.

द्रावण निळसर दिसू लागले तर ते नाण्याचा थर विरघळवते आहे. अशा वेळी नाणे काढून साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलवा आणि पाणी रोज बदला. काम हळू होते, पण रंग वाचतो. या उपचाराने थराची छटा थोडी बदलू शकते. धातू खाल्ला जाण्यापेक्षा ते परवडते.

क्लोराइड संपला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. बदलायच्या वेळी जुन्या द्रावणातले दहा मिलिलिटर परीक्षानळीत घ्या. बुडबुडे थांबेपर्यंत विरल नायट्रिक आम्ल घाला आणि सिल्व्हर नायट्रेटचे तीन-चार थेंब टाका. दुधाळ झाले तर क्लोराइड अजून येतो आहे. शेजारी न वापरलेल्या द्रावणाची तीच चाचणी ठेवा, कारण सोड्यातही थोडा क्लोराइड असतो आणि फरक पाहायचा असतो. ही दोन्ही रसायने घरी आणण्यापेक्षा ओळखीच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत नळी नेलेली बरी. घरच्या आरओसाठी घेतलेले टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे) सोड्याच्या द्रावणात काही कामाचे नाही. ते सोडाच मोजते. ते शेवटी उपयोगी पडते. नाणे ताज्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये चोवीस तास ठेवा आणि आकडा वाढतो का पाहा. वाढत नसेल तर धुणे झाले. नळाचे पाणी शेवटच्या धुण्याला कधीच नको. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते आणि बोअरच्या पाण्यात क्षार. जे महिनाभर काढत बसलो तेच परत घातल्यासारखे होईल.

वाळवताना पुन्हा ॲसिटोनमध्ये बुडवून काढा आणि टेबल-लॅम्पखाली दोन तास ठेवा. पावसाळ्यात हा दिवा आवश्यकच. ॲसिटोन उडताना नाणे गार पडते आणि दमट हवेतले पाणी दवासारखे त्यावर बसते.

संग्रहालयांत यानंतर बेंझोट्रायाझोलचे अल्कोहोलमधले तीन टक्के द्रावण वापरतात. ते तांब्याला घट्ट धरते आणि ओलावा अडवते. पण ते विषारी आहे. हातमोजे, मास्क आणि वेगळी जागा नसेल तर घरी आणू नका. मेण किंवा लॅकर लावायची घाईही नको. क्लोराइड आत असताना वरून झाकलेले नाणे झाकणाखाली कुजत राहते आणि ते दिसतही नाही.

यापुढे देवघरातली शिवराई चिंच-मिठाने घासू नका. पूजेला लागणारी एक-दोन नाणी वेगळी काढा आणि बाकीची डब्यात ठेवा.

प्रश्न (धरमपेठ) : डबा कसला? कपाटात ठेवलेली नाणी उन्हाळ्यातही हिरवी पडली. उन्हाळ्यात तर नागपूर कोरडे असते.

उत्तर : बाहेर कोरडे असते, कूलर लावलेल्या खोलीत नसते. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओली असते. खोली बंद असेल तर आर्द्रता सहज साठ टक्क्यांच्या वर जाते. एप्रिल ते जून असे तीन महिने तुमची नाणी पावसाळ्यातच असतात आणि मग खरा पावसाळा येतो. नाण्यांचे कपाट कूलरच्या खोलीत नको, आणि बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको.

रबरी कडा असलेला, घट्ट बंद होणारा पॉलिप्रोपिलीनचा डबा घ्या. पाच लिटरच्या डब्यात शंभर ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत आणि एक छोटा हायग्रोमीटर ठेवा. तांबे, ब्राँझ आणि शिसे यांच्यासाठी आकडा चाळीसच्या खाली हवा. रंग बदलणारी जेल घ्या. निळी जेल गुलाबी झाली किंवा नारिंगी जेलचा रंग उडाला की ती भरली. ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास तापवली की पुन्हा कामाला येते. जास्त तापवली तर बिघडते.

सागवानी पेटी, प्लायवूडचा खण, पुठ्ठ्याचा खोका, लोकरी फेल्ट लावलेला डबा यांत नाणी ठेवू नका. लाकूड आणि प्लायवूड सेंद्रिय आम्लांची वाफ सोडतात, लोकर आणि रबर गंधक सोडतात. रुपयांच्या गठ्ठ्याला रबरबँड लावून ठेवला तर जिथे रबर टेकते तिथे चांदीवर काळी पट्टी उमटते. रबर काढल्यावरही ती जात नाही.

प्रश्न (सीताबर्डी) : प्लास्टिकच्या अल्बममधल्या नाण्यांवर चिकट हिरवा थर आला आहे. पुसला तर पसरतो. हाच ब्राँझ डिसीज का?

उत्तर : नाही. हा अल्बमचा दोष आहे. मऊ, लवचीक, नव्या गाडीच्या सीटसारखा वास येणारी पाने पीव्हीसीची असतात. ती मऊ राहावीत म्हणून घातलेले तेलकट द्रव्य काही वर्षांत बाहेर पाझरते, आणि प्लास्टिक कुजताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. दोन्ही मिळून तो चिकट थर होतो. तांबे, ब्राँझ आणि तांबेमिश्रित चांदी यांना तो आधी धरतो.

पुसू नका, आतली धूळ काचकागदासारखी फिरते. काचेच्या दोन वाट्यांत शुद्ध ॲसिटोन घ्या. नेलपॉलिश काढायचे नव्हे, त्यात तेल, रंग आणि पाणी असते. पहिल्या वाटीत नाणे पंधरा मिनिटे, दुसऱ्या वाटीत ताज्या ॲसिटोनमध्ये पाच मिनिटे ठेवा, मग कडेवर उभे करून वाळू द्या. थर जुना असेल तर पहिली वाटी रात्रभर झाकून ठेवा. प्लास्टिकची वाटी वापरली तर ती विरघळून नाण्यावर बसेल. ॲसिटोनची वाफ उणे वीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. गॅस, देवापुढचा दिवा, उदबत्ती, चालू कूलरची मोटर यांपासून दूर, खिडकी उघडी ठेवून काम करा, आणि मे महिन्यातल्या दुपारी तर नकोच.

आम्लाने खालचा धातू खाल्ला असेल तर थर गेल्यावर तिथे खडबडीत डाग राहील. तो जाणार नाही, पण वाढायचा थांबेल.

नवा अल्बम घेताना पान तपासा. तांब्याची जाड तार पक्कडीत धरून लाल करा, पानाच्या कोपऱ्याला टेकवून थोडे प्लास्टिक चिकटवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे अंगणात करा, धूर आत घेऊ नका. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिएस्टर चालते. पुठ्ठ्याचे स्टेपल मारलेले चौकोनी होल्डर वापरत असाल तर नाणे काढण्याआधी चारही पिना काढून टाका. अर्धी उघडी पिन नाण्यावरून सरपटते, आणि या होल्डरमधल्या बहुतेक ओरखड्यांचे कारण तेच असते.

प्रश्न (इतवारी) : लक्ष्मीपूजनात ठेवलेले राणीछाप चांदीचे रुपये हळद-कुंकू आणि पंचामृताने माखून काळे पडले आहेत. सराफाकडून उजाळा देऊन आणावेत का?

उत्तर : उजाळा देऊ नका. उजाळ्यात नाणे पातळ आम्लात उकळतात आणि मग फिरत्या कापडाच्या चाकावर धरतात. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा आहे आणि त्यात चांदी ९१.७ टक्के, बाकी तांबे. आम्ल पृष्ठभागावरचे तांबे काढून घेते आणि वर निर्जीव पांढरा थर उरतो. चाक राणीच्या केसांचे आणि मुकुटाचे उंचवटे खाते. भोसल्यांचे जुने रुपये असतील तर आणखी नुकसान. मुघल बादशहाच्या नावाची ती फार्सी अक्षरे आधीच अर्धी नाण्याबाहेर गेलेली असतात, आणि खाचेतला काळेपणा आहे म्हणूनच ती वाचता येतात.

पूजेचा थर मात्र काढायलाच हवा, कारण दूध, मध आणि साखर ओलावा धरतात. कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये रंग-वास नसलेल्या द्रव साबणाचा एक थेंब घालून नाणे वीस मिनिटे ठेवा. पाणी उकळते नको. दुधातले प्रथिन घट्ट होऊन अक्षरांत बसते. मऊ झालेला थर कापसाच्या बोळ्याने टिपा, घासू नका. मग दोनदा स्वच्छ पाणी. राहिलेले तूप ॲसिटोनमध्ये जाते, कुंकवाचा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये. क्रम पाण्यापासून सुरू करा. ॲसिटोन मीठ आणि साखर विरघळवत नाही. आधी ॲसिटोन लावले तर ती खालीच राहतात. बोटांच्या ठशांनाही हेच लागू आहे, कारण घामात मीठ असते.

मग जो काळेपणा उरतो तो चांदीचा सल्फाइड, म्हणजे चांदी आणि गंधक यांचा थर. तो पातळ आहे, धातूला फार खात नाही. निळसर-सोनेरी छटा आलेल्या रुपयाला संग्राहक जास्त पैसे देतात. तो ठेवा.

ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याची युक्ती बऱ्याच जणांनी विचारली आहे. ती चालते. गरम पाण्यात सोडा, तळाशी फॉइल, त्याला टेकलेले नाणे. गंधक फॉइलकडे जाते आणि चांदी पुन्हा चांदी होते. पण परत बसलेली चांदी सच्छिद्र आणि निस्तेज असते आणि पुढच्या वेळी ती लवकर काळी पडते. झिजलेल्या, विकायच्या नसलेल्या नाण्यापुरतेच ते ठीक. १९४० ते १९४५चे सहाव्या जॉर्जचे रुपये फक्त पन्नास टक्के चांदीचे आहेत. त्यांच्यावर ही युक्ती ठिगळठिगळ रंग आणते. बाटलीतले झटपट डिप (नाणे बुडवून उजळायचे द्रव) म्हणजे आम्लातला थायोयुरिया. ते न वापरलेल्या नाण्याची मूळ झळाळी एकदोन वेळांतच संपवते, आणि थायोयुरिया तब्येतीलाही चांगला नाही.

दिवाळीला पूजेत सराफाकडचे नवे चांदीचे नाणे ठेवा. संग्रहातले रुपये पूजेत हवेच असतील तर पॉलिएस्टरच्या पाकिटातून बाहेर काढू नका.

प्रश्न (कामठी) : आजोबांची दुसऱ्या महायुद्धातली तीन पदके आहेत : बर्मा स्टार, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल. फिती मळल्या आहेत, कडीजवळ हिरवे साचले आहे, खाचांत पांढरे काहीतरी भरले आहे. ब्रासो लावू का?

उत्तर : खाचांतले ते पांढरे बहुधा जुन्या पॉलिशचेच आहे. कोणीतरी ते आधी लावलेले असणार. आता तेच आणखी नको. पॉलिशमध्ये बारीक घासणारी पूड असते आणि ती आधी घासते पदकावर ठोकलेला सैनिकी क्रमांक आणि नाव. भारतीय सैनिकांच्या पदकांवर ते बहुधा असते. ते पुसले तर पदक कोणाचे हे सांगणारी खूण गेली. आजच भिंगाखाली ते वाचून लिहून ठेवा आणि तिरप्या उजेडात फोटो काढा.

दुसरे कारण अमोनिया. पितळी पॉलिशमध्ये तो अनेकदा असतो. ताण असलेल्या पितळेला अमोनिया चिरा पाडतो. ब्रिटिश लष्कराला हे भारतातच कळले. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या फुटत, आणि घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया त्याला कारण आहे हे १९२१मध्ये सिद्ध झाले. बर्मा स्टार तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचा, म्हणजे पितळेचाच आहे. ठोकून काढलेल्या धातूत ताण असतोच.

वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल तांबे-निकेलची आहेत, टणक आणि सोशिक. टूथपिकच्या टोकाला कापसाचा बोळा गुंडाळा, तो व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायचे द्रव) ओला करा आणि पांढरा थर अक्षर-अक्षर करून उकरा. बोळा दर वेळी नवा घ्या. कडीजवळचा कळंक आधी कोरडाच टोकून काढा, मग डिस्टिल्ड वॉटरच्या अर्धवट ओल्या बोळ्याने टिपा. फितीला पाणी लागता कामा नये; जुने रंग पसरतात आणि पांढरी पट्टी गुलाबी होते. पदक फितीतून सहज सुटत असेल तर सोडवा. टाके मारलेले असतील तर टाके उसवू नका. ते त्या काळचे असू शकतात. फितीवर पॉलिएस्टरची जाळी धरा आणि व्हॅक्यूम सगळ्यात हलक्या वेगावर वरून फिरवा, तेवढे पुरे. विरलेल्या फितीच्या जागी नवी लावायची झाल्यास जुनी टाकू नका, पाकिटात घालून पदकासोबतच ठेवा.

पहिल्या महायुद्धाची पदके असलेल्यांसाठी : ब्रिटिश वॉर मेडल बहुतेक वेळा चांदीचे असते, त्याला वरच्या रुपयांचे नियम लागू. व्हिक्टरी मेडल ब्राँझचे असून त्याच्यावर सोनेरी लकाकीचा पातळ थर आहे. तो घासला की खालचे तपकिरी उघडे पडते. त्याला कोरड्या मऊ ब्रशपलीकडे काही करू नका. मीनाकाम असलेले पदक कोणत्याही द्रवात बुडवू नका आणि चष्म्याच्या दुकानातल्या अल्ट्रासॉनिक यंत्रातही घालू नका. तडा गेलेला मीना टवक्याने निघतो.

प्रश्न (वर्धमाननगर) : बरणीत जमवलेल्या ३, ५, १०, २० पैशांच्या नाण्यांवर पांढरी भुकटी आणि खड्डे पडले आहेत.

उत्तर : ही ॲल्युमिनियमची नाणी आहेत. भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड. बरणीत सोबत ब्राँझचे नये पैसे किंवा कमळाचे पिवळे २० पैसे आहेत का पाहा. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की छोटी विद्युतघट तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. वेगळी करा. डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा थेंब, मऊ ब्रश, मग अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवा. सोडा कुठलाही नको. ॲल्युमिनियम आम्लात विरघळते तसे सोड्यातही विरघळते. खड्डे भरून येत नाहीत.

प्रश्न (कुही तालुका) : शेत नांगरताना मातीत करड्या-पांढऱ्या गोल चकत्या सापडल्या. एकीवर हत्ती असावा असे वाटते. कशाने धुवू?

उत्तर : धुऊ नका. तुमच्या तालुक्यात अडम हे प्राचीन वसाहतीचे ठिकाण आहे. त्या परिसरात सातवाहनांच्या काळातली शिशाची आणि पोटिनची (तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची) नाणी निघतात. १९३९मध्ये वऱ्हाडातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या हत्तीछाप पोटिन नाण्यांचा मोठा साठा निघाला. त्याचा अभ्यास नागपूरचेच इतिहास-संशोधक वा. वि. मिराशी यांनी केला आणि त्यावरून राजांची नावे व क्रम लावायला मदत झाली. एकेका नाण्यावरची तीन-चार अक्षरे जुळवून हे काम होते. ती अक्षरे बऱ्याचदा मातीच्या आणि गंजाच्या थरातच टिकलेली असतात. खालचा धातू कधीच गेलेला असतो. थर काढला की अक्षर गेले.

कायदाही तेच सांगतो. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. त्यात काय सापडले, कुठे आणि कधी हे लिहायचे. सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क त्याच कायद्यात आहे, त्यामुळे कळवण्यात तुमचे नुकसान नाही. कळवेपर्यंत नाणी मातीसकट पॉलिथिनच्या झिपच्या पिशवीत ठेवा, जागेचा फोटो काढा, खोली मोजा.

पांढरी पूड शिशाची असेल तर ती विषारी आहे. हातमोजे घाला, फुंकू नका, मुलांना देऊ नका. व्हिनेगर किंवा लिंबू लावले तर शिसे डोळ्यांदेखत विरघळते. लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्यातही ठेवू नका. त्यांतून निघणारी ॲसेटिक आम्लाची वाफ हळूहळू तेच करते.

थोडक्यात काही प्रश्न

कोका-कोला, टोमॅटो सॉस, लिंबू (अनेक वाचक) : सगळी आम्ले. तांबे गुलाबी-लाल उघडे पडते, तो रंग कधीच जुना दिसत नाही आणि उघडा धातू पहिल्याच पावसाळ्यात डागाळतो.

नाणे महिनाभर तेलात ठेवणे (मानेवाडा) : तेलातली मेदाम्ले माती सुटी करतात हे खरे, पण तांब्याचा थरही हळूहळू विरघळवतात, आणि आत मुरलेले तेल काढायला पुन्हा ॲसिटोनच लागते. मातीसाठी डिस्टिल्ड वॉटर पुरते. पाणी रोज बदलत आठवडाभर थांबा.

चांदीच्या रुपयावर जांभळट-करडा कडक थर (गांधीबाग) : जमिनीतून निघालेला रुपया असेल तर हा सिल्व्हर क्लोराइड. टोकरला तर खालचा ठसा त्याच्यासोबत निघतो. संग्रहालयातल्या संवर्धकाला दाखवा.

माळेतला रुपया, कडेला झाळ आणि कडी (रामटेक) : झाळ तापवून काढायला गेलात तर उष्णतेने चांदीचा रंग बदलतो आणि कडेची दातेरी नक्षी वितळते. कडी राहू द्या. माळ अख्खी असेल तर रुपया त्यातून काढूच नका. सुट्या रुपयापेक्षा जुनी अखंड माळ दुर्मीळ आहे. तिच्या मण्यांमागचा दोरा सुती आहे की रेशमी ते पाहून, दोरा ओला न करता, फक्त नाण्यांच्या पृष्ठभागावर अल्कोहोलचा बोळा फिरवा.